शेवटचा मणी गिऱ्हाइकाचा

लालबागच्या बाजारात सोन्याचांदीच्या एका जुन्या दुकानाच्या पायरीला चिकटून एक लाकडी फळी आहे. फळीवर गादी आणि गादीवर दुर्गा. डाव्या पायाच्या अंगठ्याला मेण लावलेला दोरा अडकवलेला, पुढ्यात काळ्या मण्यांचं ताट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पोत तुटली, वाट्या बदलायच्या झाल्या, घरात लग्न ठरलं, की बायका तिच्याकडे येतात. दुकानदार सोनं विकतो, पण ते गळ्यात घालण्याजोगं करते दुर्गा, आणि हे ती त्याला महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

तिचा एक शिरस्ता आहे. सगळी पोत ती स्वतः ओवते, पण शेवटचा मणी राहिला की सुई गिऱ्हाइकाच्या हातात देते. म्हणते, "शेवटचा तुमच्या हातचा." बायका हरखून जातात. मध्यंतरी एका नवरीच्या मैत्रिणीने त्याचं रील काढलं, ते बरंच फिरलं, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की ही काहीतरी जुनी परंपरा आहे. परंपरा कसली डोंबलाची! बारा वर्षांपूर्वी दुर्गाचा नवरा भिवा काविळीने गेला. माझगावला गोदीत वेल्डर होता, धडधाकट माणूस, दोन आठवड्यांत संपला. पदरात मूलबाळ नव्हतं. ती आईकडे लालबागला परत आली आणि महिन्याभरात पुन्हा फळीवर बसली. एक जुनी गिऱ्हाईक आली, पोत ओवायला दिली, आणि अर्ध्यात तिचं लक्ष दुर्गाच्या मोकळ्या गळ्याकडे गेलं. "राहू दे गं," ती म्हणाली, "मी बघते दुसरीकडे." दुर्गाने तिचा हात धरला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. म्हणाली, "शेवटचा मणी तुम्ही ओवा. म्हणजे पोत तुमच्या हातची झाली, माझ्या नाही." बाईने जरा विचार केला आणि खाली बसली.

परंपरा सुरू झाली ती अशी. दुर्गाला राग आला होता का? आला होता. पण रागात पोत ओवता येत नाही, मणी सांडतात.

तर गेल्या वर्षी दुर्गाच्या भावजयीला, आकांक्षाला, आठवा महिना लागला तेव्हापासूनची ही हकीकत. भाऊ वैभव दुर्गाहून बारा वर्षांनी लहान. वडील, कुशाबा, गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याची फी, त्याचे बूट, त्याचा क्लास, सगळं, तिच्या लग्नानंतरही, दुर्गाच्या सुईतून आलेलं. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि आताही तिला त्याचं काही नको होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं. तो मान आत्याचा. बाळाची सख्खी आत्या ती एकटी.

आणि घरातल्या कोणीही, अगदी वैभवनेही, "ताई, नाव तू सांगायचंस हं," असं अजून म्हटलं नव्हतं.

मोडता घालणार कोण, ते दुर्गाला ठाऊक होतं. तिची आई, रखमा. मणी ओवायला दुर्गाला शिकवलं रखमानेच. कुशाबा गिरणीत, आणि रखमा याच फळीवर. तिच्या हातची पोत दहा वर्षं हलत नाही, असं परळपर्यंतच्या बायका म्हणायच्या. कुशाबा गेला त्याच्या तेराव्याला रखमाने सुया, मेण आणि ताट दुर्गापुढे सरकवलं आणि त्यानंतर मण्याला हात लावला नाही. विधवेने सौभाग्याचं लेणं ओवू नये, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं. दोन वर्षांनी दुर्गाचं लग्न झालं, तेव्हा हळद काकूने लावली. आई स्वयंपाकाच्या ओट्याशी पडद्याआड बसून होती. दुर्गाने पडद्याखालून तिची पावलं पाहिली होती, बोटं मुडपून घेतलेली. ती पावलं ती विसरलेली नाही.

स्पृहा दुर्गाकडे आली ती ते रील बघून. तिशीची मुलगी, गिरगावातली, बोलणं पुस्तकी पण स्वभाव सरळ. गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या हॉलमध्ये तिला मण्यांचं प्रदर्शन मांडायचं होतं. जगभरातले मणी. तिच्याकडे लोणच्याची एक बरणी होती आणि त्यात निळे, तांबडे, पिवळे, काळे, पांढरे असे हजारो बारीक मणी एकमेकांत मिसळलेले.

"ब्राझीलमध्ये जंगलात कायापो म्हणून लोक आहेत," ती सांगायला लागली. "त्यांच्यातल्या एका बाईने माझ्या प्रोफेसरांना भेट दिली होती. लहान मुलीच्या दंडावर बांधायची पट्टी आणि अंगावर आडवे घालायचे सर. प्रोफेसर वारल्या, त्यांच्या घरी पाणी गळलं, दोरा कुजला. माझ्याकडे फोटो आहे. तसंच्या तसं ओवून द्याल?"

दुर्गाने चिमूटभर मणी तळहातावर घेतले. "हे जंगलातले? हे काचेचे आहेत, मॅडम. विलायती."

"बरोबर. झेकमधून येतात. कायापो बायका फार चोखंदळ आहेत, हलका मणी घेत नाहीत."

"मग माणसं शहाणी आहेत," दुर्गा म्हणाली आणि काम घेतलं.

तीन आठवडे रोज सकाळी ती बसने गिरगावला जायची आणि दुपारी फळीवर परतायची. हॉलच्या एका कोपऱ्यात तिला टेबल दिलं होतं, ते तिने बाजूला सारलं आणि सतरंजी मागून घेतली. समोर भिंतीवर स्पृहा प्रदर्शनात दाखवायची फिल्म लावून तपासत असे. कायापोंची. पाऊण तासाची. रोज दोनदा तरी लागायची. तिसऱ्या दिवसापर्यंत दुर्गाला ती तोंडपाठ झाली.

गोल गाव. मधे मोकळी जमीन, तिच्यात पुरुषांच्या बसण्याचं एक घर, आणि सभोवार बाकीची घरं. घरं बायकांची. लग्न झालं की नवरा बायकोच्या आईकडे राहायला येतो. हे ऐकून दुर्गाने सुई खाली ठेवली आणि फिल्म मागे न्यायला लावली. मग बायका रंगवायला बसलेल्या. एका फळाचा रस आणि कोळसा कालवून केलेला काळा रंग, हिराच्या काडीसारखी एक काडी, आणि मांडीवर बाळ. त्याच्या पाठीवर, पायांवर बारीक रेघा चाललेल्या, तासन् तास. हा रंग आठवडा दीड आठवडा जात नाही. आणि रंगवणाऱ्या बाईचा एक तळहात काळाकुट्ट, कारण रंग ती तळहातावरच घेते. "काळा हात म्हणजे मोठी बाई, लेकुरवाळी, कामाची," स्पृहाने समजावलं. एक म्हातारी पाय पसरून मणी ओवत होती, अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणात मणी घेऊन. तिची बोटं कशी चालतात ते दुर्गा दर वेळी टक लावून बघायची. एकदा ती मोठ्याने म्हणालीसुद्धा, "अगं, घट्ट ओढ ना!"

त्याच फिल्ममध्ये पिसांचे मुकुट घातलेले पुरुष होते, आणि तेच पुरुष हाफ पँटीत होडीतून नदीवर गस्त घालतानाही होते. चोरून सोनं खणणारे आणि झाडं तोडणारे शिरू नयेत म्हणून. एका तरुणाच्या खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा. स्पृहाचे कोणी पाहुणे हॉल बघायला आले होते. ते म्हणाले, "किती निरागस असतात नाही हे लोक!" दुर्गा तोंडात दोरा धरून होती म्हणून बरं. निरागस माणसाला नदीवर गस्त घालता येत नाही, आणि मण्यांची प्रतही कळत नाही.

पण तिला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. फिल्मच्या शेवटाकडे एक समारंभ होता. कितीतरी दिवस चालणारा. सगळ्या गावाला जेवण, नाच, आणि मधे मण्यांनी लदलेली एक छोटी मुलगी.

"हे काय, लग्न?" दुर्गाने विचारलं.

"नाही, नाव. त्यांच्यात काही नावं मोठ्या मानाची असतात. मुलाला नाव देतो मामा किंवा आजोबा. मुलीला आत्या किंवा आजी."

दुर्गाची सुई थांबली. "आत्या?"

"हो ना! आणि आत्या स्वतःचंच नाव देते. नावाबरोबर काही दागिने घालायचा हक्कही जातो. एका मुलीला चार जणींकडून चार नावंसुद्धा मिळतात."

"स्वतःचं नाव? जिवंतपणी?" दुर्गाला ते काही पटलं नाही. आपल्याकडे जिवंत माणसाचं नाव मुलाला ठेवत नाहीत. पण आत्या हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. समुद्रापल्याड, जंगलात, गोल गावात, आणि तिथेही कामाला लागते ती आत्याच.

संध्याकाळी घरी गेली की ती आईला सगळं सांगायची. रखमा तांदूळ निवडत ऐकायची. आधी नाक मुरडायची, मग हळूच तिच्या मालवणीत विचारायची. "तेंच्यात सगळेच घरजावय?" किंवा, "तो काळो रंग भांड्याक लागलो तर जाता?" नावाची गोष्ट दुर्गाने सांगितली तेव्हा मात्र रखमाने नाक मुरडलं नाही. ताटातला खडा उचलता उचलता, तिने विचारलं, "आणि आत्येचो घोव नसलो, तर?"

दुसऱ्या दिवशी दुर्गाने तेच स्पृहाला विचारलं, आत्या विधवा असली तर? स्पृहा म्हणाली, "मी जे वाचलंय त्यात तशी अट कुठे आलेली नाही. पण नाहीच, असं छातीठोक सांगण्याइतकं मला माहीत नाही, दुर्गाताई." दुर्गाला तिचं हे आवडलं. खोटा धीर देणारी माणसं तिने खूप पाहिली होती.

आणि त्याच आठवड्यात दुर्गाने घोळ घातला.

बरणीच्या तळाशी जुन्या दोऱ्याचे चारपाच तुकडे निघाले होते. कुजलेले, तांबूस. आता पोतीचा जुना दोरा दुर्गा कधी कचऱ्यात टाकत नाही. गळ्यात राहिलेला दोरा, तो पायदळी येता कामा नये. आठवड्याचे सगळे दोरे ती कागदात बांधून समुद्रात सोडते. इथे तर समुद्र हाकेच्या अंतरावर. परक्या देशाच्या बाईचा दोरा म्हणून तिने जरा जास्तच मनोभावे, चौपाटीवर पाण्यात उतरून, हात जोडून सोडला.

सकाळी स्पृहाने विचारलं, "त्या जुन्या दोऱ्यांचे तुकडे कुठे ठेवलेत?"

"सोडले समुद्रात," दुर्गा अभिमानाने म्हणाली.

स्पृहा तिच्या सतरंजीवर येऊन बसली. मग म्हणाली, "त्यांच्यात बाळाच्या चेहऱ्याला, हातापायांना बियांचा तांबडा रंग लावतात. दोऱ्यावर तो असणार. त्या बाळाच्या अंगचा. आणि दोऱ्याला पीळ कसा घातला, गाठ कशी मारली, यावरून कुणाचा हात आहे ते कळतं. मणी काय, कुठलेही आणता येतात. दोराच खरा होता, ताई."

दुर्गाने धंद्यातली एकही वस्तू आजवर हरवली नव्हती, तुटू दिली नव्हती, आणि ही तिने हात जोडून बुडवली होती. "गाठीवरून हात कळतो ते मला माहीत आहे," ती कशीबशी म्हणाली. "आईची गाठ मी डोळे मिटून ओळखीन. तरी मला सुचलं नाही."

"चूक माझी. मी सांगायला हवं होतं," स्पृहा म्हणाली. पण दोघींनाही त्या दिवशी चहा गेला नाही. दुर्गाने पट्टी फोटोबरहुकूम पुरी केली, एक मणी इकडचा तिकडे नाही. स्पृहाने ती काचेखाली ठेवली आणि शेजारी छापील चिठ्ठी लावली, 'पुन्हा ओवणारी: दुर्गा, लालबाग.' दुर्गाने ते दोनदा वाचलं. आपलं नाव छापलेलं तिने याआधी फक्त रेशनकार्डावर पाहिलं होतं.

परळच्या इस्पितळात आकांक्षाला मुलगी झाली. आकांक्षाचं माहेर वरळीच्या बीडीडी चाळीतलं, आणि चाळ पाडायला घेतल्यामुळे ती मंडळी कुठेतरी भाड्याच्या एका खोलीत अडचणीत राहत होती. तेव्हा बारसं बाराव्या दिवशी इथेच, लालबागच्या खोलीत करायचं ठरलं. नाव वैभव-आकांक्षाने आधीच काढून ठेवलं होतं, रेवा. दुर्गाला त्याचं काही नव्हतं. नाव कुणीही काढावं.

पाचव्या दिवशी रखमा म्हणाली, "रूपालीक सांगलंय. ती सांगतली नाव."

रूपाली म्हणजे काकाची मुलगी, माझगावला दिलेली. चुलत आत्या.

दुर्गा भाजी चिरत होती. तिने सुरी ठेवली. "रूपाली कशाला? मी आहे ना."

"सवाशीण होयी, दुर्गे."

"कुठे लिहिलंय?"

"लिवलेला नाय. पण आसा."

"आई, मी सांगणार नाव," दुर्गा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण अकरा वर्षांत ती आईशी असं बोलली नव्हती. "त्या पोरीच्या बापाला मी वाढवलंय. मला दुसरं काही नको. एवढं एक हवंय."

रखमा उठून उभी राहिली. गुडघ्यांवर हात टेकत उठणारी बाई, झटक्यात उठली. "मगे मी चोवीस वर्सां हात बांधून कित्याक बसलंय?" तिचा आवाज फाटला. "तुझ्या हळदीक मी पडद्याआड बसलंय, ता कित्याक? तू म्हणतंस काय नाय, काय होणा नाय. मगे माझा ता सगळा फुकट?"

इतकी वर्षं दुर्गाला वाटत होतं की आई शास्त्र पाळते. आईने हातातलं सर्वांत आवडतं काम सोडून दिलं होतं आणि लेकीची हळद सोडली होती. आता लेक म्हणत होती, हे करायची गरजच नव्हती. असं कोण ऐकून घेईल? दुर्गाला आईची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

पुढे पाचसहा दिवस त्या दोघी फक्त "वाढ" आणि "पुरे" एवढंच बोलल्या. वैभव दोघींच्या मधून गेला आला, पण विषय काढायची त्याची हिंमत झाली नाही.

बारशाच्या आदल्या दुपारी दुर्गाने पत्र्याचा जुना डबा काढला. त्यात वैभवच्या मनगट्या होत्या, काळे मणी आणि मधेमधे सोन्याचा एकेक, दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या मनगटात घालायच्या. रखमाने ओवलेल्या. त्यांतली एक धड होती. दुसरीचा दोरा तुटला होता, मणी पुडीत. एरवी दुर्गाने दोन्हींचे दोरे कापून, नवे भरून, जुने समुद्रावर नेले असते. या वेळी तिने धड होती ती तशीच ठेवली. तुटलेलीचा दोराही काढून चपटा केला आणि देवाच्या फोटोमागे खोचला. मग सुटे मणी ताटात घेतले आणि ओवायच्या आधी गाठ बांधून बघायला बसली.

अडलं ते गाठीशी. मंगळसूत्राची गाठ पक्की, ती हलता कामा नये. मनगटीची गाठ सरकणारी, बाळाचं मनगट भरेल तशी सैल करता येणारी. ती रखमा मारायची. दुर्गाला शिकवायच्या आधीच तिने सुई टाकली होती. दुर्गाने धड मनगटी उलटसुलट बघितली, दोन नमुने बांधून पाहिले, दोन्ही घसरले.

रखमा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणजे तसं दाखवत होती.

"तसा नाय गो," भिंतीकडून आवाज आला. "उलटो घे."

दुर्गाने उलटा घेतला.

"अगे, दोन पेड. एकातून दुसरो."

दुर्गाने पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. मुद्दाम चुकली का? मला विचाराल तर, पहिल्या दोनदा नाही.

रखमा उठून आली, खाली बसली, साडी जरा वर घेतली आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला. चोवीस वर्षांनी. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना दिसण्याची गरज नव्हती. ताटातले मणी तिने एकदा नुसते तळहाताने फिरवले, इकडून तिकडे. मग भराभर ओवायला लागली. दुर्गा सोन्याचे मणी वेळेवर पुढे करत राहिली. बाहेर गॅलरीत कुणीतरी गाद्या झटकत होतं.

एक मणी उरला. रखमाने हात थांबवला आणि दोरा दुर्गापुढे धरला. दुर्गाने तो घेतला नाही. सवयीने तिच्या तोंडून निघालं, "शेवटचा तुझ्या हातचा."

रखमाने तिच्याकडे बघितलं. शिरस्त्याचं मूळ तिलाही ठाऊक होतं. तो सुरू झाला त्या दिवशी दुर्गा घरी येऊन जेवली नव्हती.

"मी काय गिराईक आसंय?" ती म्हणाली. "तुझो मणी तूच ओव."

अकरा वर्षांत दुर्गाने शेवटचा मणी ओवला नव्हता. दोरा त्याच्या भोकातून जायला इतका वेळ का लागावा, तिला कळेना. रखमाने दोरा परत घेतला, सरकगाठ मारली, दाताने टोक तोडलं आणि पुन्हा पलंगावर जाऊन पडली. कानात नाव कुणी सांगायचं, तो विषय तिने काढला नाही. दुर्गानेही नाही.

बारशाला खोली भरून बायका होत्या, गॅलरीतही होत्या. रूपाली जरीची साडी नेसून वेळेवर आली. तिला सगळं माहीत होतं. दारातच ती दुर्गाच्या कानाशी म्हणाली, "ताई, मला काही सुचत नाहीये गं. काकीने फोन केला, नाही कसं म्हणू?" दुर्गा म्हणाली, "तू पाळण्याजवळ उभी राहा." रखमा स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली आणि पडदा ओढून घेतला. घुगऱ्यांचं काम होतं, ते निमित्त.

पाळणा गाऊन झाला. चाळीतल्या राधाकाकू, बारशाला सगळं वळण सांगणाऱ्या, म्हणाल्या, "आत्या, या पुढे."

दुर्गा मनगट्या घेऊन पाळण्यापाशी वाकली होती. मनगट्या आत्याने घालायच्या, त्याला कुणाची हरकत नव्हती. तिने एक घातली, दुसरी घातली, गाठ सरकवून बेताची केली. बाळाची मूठ तिच्या बोटाभोवती मिटली. आता तिने मागे सरायचं आणि रूपालीने पुढे व्हायचं. रूपालीने पाऊल उचललं नाही. दुर्गाने मागे घेतलं नाही. ती तशीच आणखी खाली वाकली, बाळाच्या कानाला ओठ लावले आणि म्हणाली, "कुर्रर्र... रेवा."

आत्या नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, हसत, ओरडत. सगळ्यांना माहीत असतं. हात वर गेले होते, ते वरच राहिले. दुर्गा वाकलेलीच होती. तिची पाठ वाट बघत होती. तिला राधाकाकूंची पावलं दिसत होती, रूपालीच्या साडीचा काठ दिसत होता. आता उठायचं कसं, तेवढंच तिला कळत नव्हतं.

आणि पाठीत असा सणसणीत धपाटा बसला की तिचा चष्मा बाळाच्या दुपट्यावर पडला.

"मोठ्यान सांग गो," मागून रखमाचा आवाज आला. "चेडवाक ऐकाक येवक नको?"

"आई, लागलं ना!"

"लागूकच मारलंय. सांग."

दुर्गाने मोठ्याने सांगितलं. मग रूपालीचा हात पडला, आकांक्षाच्या आईचा पडला, गॅलरीतल्या पोरी आत घुसल्या आणि एकच गिल्ला झाला. दोघीतिघी बायका घुगऱ्या न घेता गेल्या, हेही खरं. राधाकाकू राहिल्या, पण शेवटपर्यंत तोंड आंबट करून.

सगळं आटोपल्यावर रूपाली एकदम ओरडली, "ताई, तुझा ब्लाउज बघ! पाच बोटं उठलीयेत!"

रखमा घुगऱ्यांना हळद लावत होती आणि हात न धुताच पडदा सारून आली होती. दुर्गाच्या पाठीवर, पांढऱ्या ब्लाउजवर, तिचा अख्खा तळहात पिवळाधमक उमटला होता. "थांब, पाण्यात भिजवून देते, नाहीतर डाग बसेल," आकांक्षाची आई म्हणाली.

"राहू दे," दुर्गा म्हणाली. "माझ्या हळदीला लावायची राहिली होती तिची."